मक्षिकास्थाने मक्षिका

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य घरी बसून माशा मारतो असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, आणि अशा मनुष्यांच्या गृहिणींच्या जबान्या घेतल्या तर त्या समजाला पुरावाही मुबलक मिळेल. परंतु पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून हयात घालवून अकोले येथे प्रवरेकाठी स्थायिक झालेले आमचे एक स्नेही या नियमाला असा विलक्षण अपवाद निघाले की, सकाळची पूजा आटोपून चहाचा पेला बाजूला सारताच ते जे काम हाती घेतात ते माशा मारण्याचे नसून माशा बांधण्याचे असते. खिडकीलगतच्या मेजाच्या कडेस एक चिमुकला शेगडा आवळून बसवलेला. त्याच्या जबड्यात जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा गळ. भोवती शिवणयंत्राच्या बॉबिनी, मेणाचा खडा, कोंबड्याच्या मानेची पिसे, मोरपिसाचे तंतू, घरच्या मांजराने उन्हाळ्यात स्वखुशीने टाकलेले केस, आणि एका डबीत अत्यंत गोपनीय रीतीने गुंडाळून ठेवलेली सोनेरी जर, जिचा उगम शोधीत गेल्यास तपास घरातल्याच एका पैठणीच्या पदरापर्यंत पोहोचतो आणि तेथे, कौटुंबिक शांततेच्या हिताखातर, तहकूब करावा लागतो. श्वास रोखून, चष्म्यावर भिंग चढवून, निरीक्षकसाहेब या सामग्रीतून जो जीव निर्माण करतात तो पाण्यावर उतरलेल्या किड्याची अशी हुबेहूब नक्कल असतो की, घरातली पाल दोन वेळा फसलेली आहे.

गळ टाकून नदीकाठी बसणे हा प्रकार आपल्याला नवा नाही. गळाला गांडूळ लावावे, नाही तर कणकेची गोळी लावावी, दोरीला शिशाचा तुकडा बांधावा, दोरी पाण्यात भिरकावावी आणि बिडी पेटवावी, एवढ्यात त्या शास्त्राचे सर्व अध्याय संपतात. निरीक्षकसाहेबांच्या संप्रदायात मात्र गळाला खाण्याजोगे असे काहीच नसते. पीस, दोरा आणि भ्रम एवढ्याच तीन द्रव्यांवर सारा कारभार चालतो. शिवाय ही माशी वजनाने इतकी नगण्य, की ती फेकू म्हटले तर फेकली जात नाही. म्हणून येथे सगळा भार दोरीतच घातलेला असतो आणि ती जाड दोरी लवचिक काठीने डोक्यावरून मागे नेऊन, तिथे ती पुरती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबून, मग पुढे सोडावी लागते, जेणेकरून दोरीच्या पाठोपाठ माशी आपोआप जाईल आणि पाण्यावर अलगद उतरेल. हा मधला क्षणभराचा थांबा साधणे हेच या विद्येतले रहस्य असल्याचे ते सांगतात. तो न साधल्यास माशी पाण्याऐवजी पाठीमागच्या बाभळीवर उतरते. आणि त्यांच्या नेहमीच्या जागेमागील बाभळी न्याहाळल्या तर तो अनेकदा साधला नसावा असे अनुमान काढण्यास भरपूर जागा आहे.

गांडूळवाला माशाशी निदान व्यवहार तरी करतो. आधी काही देतो, मग काही घेतो. आमचे स्नेही माशाला काही देत नाहीत, आणि त्याच्याकडून काही घेतही नाहीत, कारण ते जन्माने आणि आवडीने शाकाहारी असून, गळाला लागलेला मासा ओल्या हाताने अलगद सोडवून पुन्हा प्रवाहात सोडतात. त्यासाठी गळाच्या टोकाचा उलटा काटा त्यांनी पकडीने आधीच चेपून टाकलेला असतो. निष्काम कर्मयोगाचे एवढे शुद्ध उदाहरण साऱ्या तालुक्यात दुसरे नसेल. परंतु नदीकाठच्या एका वृद्ध भोयाला हा योग अद्याप उमगलेला नाही. त्यांच्यात वर्षानुवर्षे चालत आलेला संवाद मी एकदा समक्ष ऐकला.

“साहेब, घावला का?”

“घावला, बाबा.”

“केवढा व्हता?”

“असेल पाऊण किलो.”

“मंग कुठंय?”

“सोडला.”

बाबांनी नदीकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले आणि तंबाखू मळता मळता निकाल दिला: “म्हंजी त्यालाबी काम न्हाई, आन् तुमालाबी न्हाई.”

वास्तविक हा छंद आमच्या स्नेह्यांस जडावा यात त्यांच्या खात्याचा वाटा मोठा आहे. १९७० साली मंजूर झालेल्या निळवंडे प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ साली झाले, म्हणजे मंजुरीच्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या देखत, तो त्रेपन्न वर्षांचा झाल्यावर, पाणी पाटात आले. अशा खात्यात ज्याने उमेदवारीपासून पेन्शनीपर्यंत वाट पाहिली त्याला एका माशाची सायंकाळपर्यंत वाट पाहणे म्हणजे केवळ विरंगुळा होय. दोरी फेकण्याचे पहिले धडे त्यांनी मुंबईस मुलाकडे गेले असता पवई तलावाकाठी गिरवले, कारण महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही गळवाल्यांची जुनी संस्था तिथे आहे. त्या तलावात मगरीही आहेत. मागे जाऊ पाहणारे पाऊल पुढेच टाकावे, आणि पुढे टाकलेले पाऊल फार पुढे टाकू नये, ही शिस्त त्यांच्या अंगी तेथेच बाणली असावी.

माशी बांधण्याची विद्या ही कोण्या साहेबलोकांनी कंटाळा आला म्हणून परवा काढलेली टूम आहे असा ज्यांचा ग्रह असेल त्यांना निरीक्षकसाहेब इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकालापर्यंत खेचून नेतात आणि तेथे एलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराची साक्ष काढतात. मॅसिडोनियातील ॲस्ट्रेअस नदीवरचे लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन मेणाच्या रंगाची पिसे बांधीत आणि मासे फसवीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १४९६ साली इंग्लंडात छापून निघालेल्या आणि जूलियाना बर्नर्स नामक जोगिणीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मत्स्यप्रबंधात बारा माश्यांची कृती दिलेली आहे. परंतु आमच्या स्नेह्यांना अधिक कौतुक आहे ते त्याच प्रबंधातील आचारसंहितेचे, जिच्यात नदीवर जाताना कोणाचे कुंपण मोडू नये, फाटक उघडे टाकू नये आणि हावरेपणाने फार मासे धरू नयेत असे बजावले आहे. वयाच्या सहाव्या शतकात शिरलेले हे नियम आमच्या सहलखोरांना अजून कसे कळले नाहीत, असे ते विचारतात. त्यावर, इतक्या अल्पावधीत कोणतेही परिपत्रक तालुक्यापर्यंत पोहोचल्याचा दाखला नाही, एवढेच उत्तर मला सुचते.

यापुढचा इतिहास तर आपल्या शास्त्री-पंडितांनी हेवा करावा असा आहे. हॅलफर्ड नावाच्या आचार्याने १८८६ साली तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहून असे मत स्थापित केले की, माशी पाण्यावर तरंगतीच असली पाहिजे, ती प्रवाहाच्या उगमाकडेच टाकली पाहिजे, आणि तीही मासा वर येताना दिसल्यावरच. अन्यथा तो सभ्य मनुष्य नव्हे. त्याच्यामागून स्क्यूस नावाचा एक वकील उठला आणि त्याने १९१० साली प्रतिपादन केले की, मासा बहुतेक वेळ पाण्याखालीच जेवतो, तेव्हा पंख न फुटलेल्या, पाण्याखालच्या किड्याची नक्कल करण्यास शास्त्राची आडकाठी नाही. एवढ्यावरून दोन पंथ पडले. १९३८ साली, म्हणजे युरोपात महायुद्धाचे ढग दाटून आलेले असता, लंडनमधील फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा भरली आणि वयोवृद्ध, प्रतिष्ठित गृहस्थ किडा तरंगता की बुडता या प्रश्नावर परस्परांवर तुटून पडले. आमचे स्नेही बुडत्या पंथाचे. तरंगत्या पंथाचा उल्लेख निघाला की ते ‘कर्मठ’ म्हणतात आणि दुसरीकडे पाहतात.

फसवणुकीची विद्या म्हणून जे या कलेला नाक मुरडतात त्यांना ते थेट नेवाशास घेऊन जातात. प्रवरा तेथे गोदावरीला भेटण्याच्या बेतात असते, आणि तेथील मोहिनीराजाच्या देवळाशी अशी कथा जडलेली आहे की, भगवान विष्णूंनी मोहिनीचे रूप घेऊन असुरांना भुलविले आणि अमृत देवांच्या पंक्तीस वाढले ते याच ठिकाणी. “म्हणजे,” निरीक्षकसाहेब शेगड्यावरून मान वर करून म्हणतात, “याच नदीच्या काठी प्रत्यक्ष भगवंतांनी नकली रूप बांधून पाण्यावर सोडलेले आहे, मी तर फक्त गळाला पीस लावतो.” ज्या नदीला अमृतवाहिनी म्हणतात तिच्या काठी हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही, विशेषतः समोर त्यांच्याच घरचा चहा असताना.

पिसांच्या बाबतीत मात्र हे गृहस्थ इतके कडक आहेत की, अशा कडकपणाची त्यांच्या नोकरीच्या काळात बागायतदारांना कल्पनाही आली नसेल. सह्याद्रीच्या रानात राखाडी रानकोंबडा म्हणून जो देखणा पक्षी आहे त्याच्या मानेच्या पिसांवर मीनाकारी केल्यासारखे चकचकीत पिवळसर-पांढरे ठिपके असतात. आणि हे ठिपके माशीला लावले म्हणजे ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात असे एकोणिसाव्या शतकातील विलायती गळवाल्यांना आढळून आल्यामुळे, स्कॉटलंडच्या नद्यांतील सामन मासे फसविण्यासाठी हिंदुस्थानातील रानकोंबड्यांच्या माना गलबतांतून जाऊ लागल्या. ज्याने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही त्या पक्ष्याने केवळ गळ्याच्या सौंदर्यापायी परमुलखात अशी विद्रूप कीर्ती मिळवावी, हा दैवदुर्विलास होय. पिसांचे हे वेड अजून ओसरलेले नाही: २००९ साली एका तरुण बासरीवादकाने इंग्लंडातील ट्रिंग येथील निसर्ग-संग्रहालयात रात्री खिडकी फोडून प्रवेश केला आणि सोने-चांदी नव्हे, तर २९९ पक्ष्यांची कातडी पेटीत भरून आगगाडीने नेली, कारण जुन्या पद्धतीच्या माश्या बांधणारे लोक त्या पिसांना वाटेल ती किंमत देत होते. निरीक्षकसाहेबांच्या वर्गातल्या एका मुलाने हरिश्चंद्रगडाच्या बाजूने सापडलेले म्हणून असेच एक ठिपकेदार पीस मोठ्या भक्तिभावाने आणून दिले, तेव्हा त्याला शाबासकीऐवजी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर असे प्रदीर्घ व्याख्यान ऐकावे लागले की, ते संपेपर्यंत त्याची एस. टी. निघून गेली. मग साहेबांनी गावठी कोंबड्याच्या पिसावर सुनबाईच्या नखरंगाचे दोन ठिपके देऊन काम भागविले. नकलेचीही नक्कल झाली, आणि घरात पैठणीच्या जोडीला आणखी एक प्रकरण तपासावर आले.

हा जो वर्ग मी म्हटला तो दर रविवारी त्यांच्या ओसरीवर भरतो. विद्यार्थी दहा ते पंधरा वर्षांचे. सुरुवातीस मुलगे पुष्कळ आले, कारण मासे धरायला शिकवतात एवढीच बातमी गावात फुटली होती. मासे शेवटी सोडायचे आहेत हे कळताच त्यांतले निम्मे पांगले. मुली टिकल्या. ज्यांच्या हातांना मण्यांची आणि कशिद्याची सवय आहे त्या पोरी पहिल्याच महिन्यात अशा माश्या बांधू लागल्या की, गुरुजींना आपल्या माश्या गुपचूप डबीत टाकाव्या लागल्या. तथापि या वर्गाचा अभ्यासक्रम मोठा विचित्र आहे. पहिल्या धड्यास शेगडा नाही, दोरा नाही, पीस नाही. पहिल्या धड्यास मुलांना नदीवर नेतात, गुडघाभर वाहत्या पाण्यात उभे करतात आणि दगड उलटा करायला लावतात.

कारण येथेच या विद्येची मेख आहे. खोटे नाणे पाडणाऱ्याची अशी एक पंचाईत असते की, खरे नाणे चलनात असेल तोवरच त्याचा धंदा चालतो. टांकसाळच बंद पडली तर त्याचे खोटे नाणे हे नुसते शिसे. नदीत किडाच उरला नाही तर माशाने ओळखावे काय आणि फसावे कशाला? म्हणून ज्या मनुष्याने खोट्या माशीचा ध्यास घेतला त्याला, इच्छा असो वा नसो, खऱ्या माशीचा पालक व्हावे लागते. आमचे स्नेही नदीच्या रक्षणाकडे वळले ते काही पर्यावरणावरचे परिसंवाद ऐकून नव्हे, तर दगड उलटून पाहता पाहता त्यांना असे दिसून आले की, वरच्या अंगाला, रतनवाडीकडे, एका दगडाखाली जेवढी वस्ती सापडते तेवढी खाली बंधाऱ्याच्या फुगवट्यात दगडांच्या राशीखालीही सापडत नाही. तेथे दगड उलटा केला तर शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी आणि कोणाच्या तरी नवसाचा नारळ निघतो.

दगडाखालच्या या रहिवाशांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्यांतला एक तीन शेपट्यांचा, चपटा, दगडाला घट्ट धरून राहणारा जीव महिनोन्‌महिने, कधी वर्षभर पाण्यात काढतो. मग एका संध्याकाळी वर येतो, कात टाकतो, पंख पसरतो, लग्न करतो, पाण्यावर अंडी सोडतो आणि बहुधा दिवस-दोन दिवसांच्या आत परलोकी जातो. या अंतिम अवस्थेत त्याला कामापुरते तोंडच नसते. खाणे नाही, पिणे नाही. आणि तोंड नाही म्हणून, निरीक्षकसाहेब सांगतात, फिर्यादही नाही. ज्याला तोंड नाही त्याचा अर्ज कोणत्या कचेरीत दाखल होणार? तेव्हा या मुक्या अशिलाचे वकीलपत्र त्यांनी आपण होऊन घेतलेले आहे. दुसरा एक जीव त्याहून उद्योगी. तो आपल्या मुखातून रेशमासारखा धागा काढून त्यात वाळूचे कण एकेक करून चिकटवतो आणि स्वतःपुरते नळीच्या आकाराचे पक्के घर बांधून त्यात राहतो. अहिल्यानगर जिल्ह्यात गौण खनिजाचा वापर करून, विनापरवाना, रॉयल्टी न भरता, दिवसाढवळ्या नदीपात्रात बांधकाम करणारा आणि तरीही ज्याच्यावर आजवर पंचनामा झाला नाही असा हा एकच इसम; बाकीचे रात्री येतात. त्या रात्रीच्या मंडळींनी पात्रातून वाळू उचलून नेली म्हणजे या बिचाऱ्याचे घर तर जातेच, पण घर बांधण्याचे सामानही जाते, आणि त्याच्या जोडीला अंडी घालण्यास गोट्यांचा व वाळूचा तळ शोधणारे मासेही निराधार होतात. या विषयावर बोलताना साहेबांचा आवाज चढतो. एरवी चढत नाही.

मुले हे सर्व वहीत काढतात, आणि मग ओसरीवर येऊन, जो किडा पाहिला त्याचीच माशी बांधतात. पाहिला नाही तो बांधायचा नाही, असा दंडक आहे. पुष्कळ जुन्या काळी कोणा नकलनवीस कारकुनाने पोथीची नक्कल करताना मूळ पानावर चिकटून मेलेली माशी पाहिली आणि आपल्याही पानावर त्याच जागी एक माशी मारून चिकटवली, ती आपण मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगत आलो; परंतु निरीक्षकसाहेबांच्या मते तो कारकून हा या शास्त्राचा आद्य आचार्य होय, कारण त्याने निदान मूळ पानाकडे नीट पाहिले होते. वर्गात तो वृद्ध भोईबाबाही अधूनमधून येऊन बसतो. पिसांच्या कारागिरीकडे तो कीव करावी तशा नजरेने पाहतो. परंतु कोणता किडा कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात, दगडाच्या कोणत्या अंगाला असतो हे साहेबांनी अकरा पुस्तके चाळून जमविले त्याच्या दुप्पट त्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर जात असता पोटात अंडी असलेली मादी त्याच्या वाडवडिलांनी धरली नाही, हेही त्याने एकदा सहज सांगून टाकले. ते ऐकून साहेब बराच वेळ गप्प बसले, कारण नेमक्या त्याच विषयावर पुढच्या रविवारी त्यांचे व्याख्यान होते.

आता मासा कोणता, हे विचारणारे विचारतातच. काश्मीरच्या प्रवाहांत १९०० च्या सुमारास विलायती ट्राउट आणून सोडला गेला. पण त्या माशाला थंड पाणी लागते आणि आमच्या पाण्यात तो पहिल्या चैत्रापर्यंतही निभावणार नाही. इकडे माशीला भुलतो तो लहानसहान खवलेकरी. कधी चिलापी, जिने आफ्रिकेतून येऊन आमच्या जलाशयांत जन्मसिद्ध हक्क सांगितला आहे. बेडकाच्या नकलेवर झडप घालणारी मरळ. आणि क्वचित, नशीब फळफळले तर, खडशी म्हणजे दख्खनचा महासीर. या माशाची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सने केली, ज्याला मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची आकडेवार पाहणी करण्यास नेमले होते आणि ज्याने धान्य, माणसे, पक्षी यांच्याबरोबर मासेही मोजून काढले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाला १८३९ साली त्याने ‘खुद्री’ म्हणून जे नाव दिले ते आमच्याच कोळी-भोयांच्या तोंडचे, आणि आज दोनशे वर्षे होत आली तरी ते लॅटिनच्या पंक्तीस मांडी घालून बसले आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात आणि वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या डोहात देवाचे म्हणून लोकांनी हे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले. राज्याचा मासा ठरविण्याची वेळ २०२३ साली आली तेव्हा मात्र तो मान समुद्रातल्या पापलेटास गेला. खडशीची बाजू मांडण्यास कोणी उभे राहिले की नाही, आम्हांस कळले नाही. पापलेटाची बाजू प्रत्येक खाणावळीत मांडलेली होती.

मासे कमी झाले तर मासे आणून सोडा, असा सोपा उपाय गावातील एका पुढाऱ्याने सुचविला, आणि त्यासाठी मंडप, हार व छायाचित्रकार यांची तयारीही दाखविली. निरीक्षकसाहेबांनी त्यांना शांतपणे लोणावळ्याची गोष्ट सांगितली. वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभापासून महासीराची पैदास चालविली, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या खटपटीने ती यशस्वी झाली आणि लोणावळ्याची पिल्ले दूरदूरच्या नद्यांत रवाना झाली. त्यांतली काही कावेरीत उतरली. तेथे कुबड असलेला, केशरी परांचा, कावेरीचा स्वतःचा असा एक प्रचंड महासीर होता. आमच्या निळ्या परांच्या मराठी माशाने त्या मुलुखात असा जम बसविला की, शहाजीराजांनंतर कर्नाटकात एवढा विस्तार कोणी केला नसेल. आणि मूळचा धनी हटत हटत अशा अवस्थेस पोहोचला की, २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याचे नाव-गोत्र कायम केले त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. हेतू उत्तम, मेहनत अस्सल, मासाही आपलाच, फक्त नदी दुसऱ्याची. पुढारी महाशयांनी ही सारी कथा लक्षपूर्वक ऐकून घेतली आणि विचारले, “मग कासवं सोडू या का?”

भंडारदऱ्यास मेअखेरीस आणि जूनच्या तोंडाशी हिरड्या-सादड्यांवर काजवे चमकू लागले म्हणजे मुंबई-पुण्याहून मोटारींच्या रांगा लागतात आणि अंधारात चमकणारा किडा पाहण्यासाठी आलेले रसिक मोटारींचे दिवे चालू ठेवून तो पाहतात. किड्यासाठी माणसाने एवढा प्रवास करावा, हे पाहून आमच्या स्नेह्यांना एका बाजूने हुरूप येतो आणि दुसऱ्या बाजूने मत्सर वाटतो. १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणाच्या भिंतीखाली उभे राहून त्यांनी एकदा अशाच एका कुटुंबाला, काजव्यांची वेळ होईपर्यंत, तीन शेपट्यांच्या मुक्या किड्याची कर्मकहाणी ऐकविली. त्या कुटुंबातील कर्त्या पुरुषाने ती संपूर्ण ऐकून घेतली आणि अत्यंत आदराने विचारले, “काका, हा चमकतो का?”

नाही. चमकत नाही, चावत नाही, गात नाही, मध देत नाही, पिकावर रोग आणीत नाही की रोग खात नाही. सारांश, सरकारदरबारी दखल घेतली जाण्यास लागणारी एकही अर्हता त्याच्या अंगी नाही. नदीचे वाटप तर केव्हाच पुरे झालेले आहे. पाणी जलसंपदा खात्याचे, आणि तेही आवर्तन सुटेल त्या दिवसापुरते, वाळू महसुलाची, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, व मक्त्याने सहकारी संस्थेचे, उगमाकडचा काठ वन खात्याचा, काठावरचे गाव ग्रामपंचायतीचे, घाट देवस्थानचा, आणि पाण्यातली घाण प्रदूषण नियंत्रण मंडळाची, म्हणजे घाण त्यांची नव्हे, तिची नोंद त्यांची. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ पासूनच कायद्याने बंदी आहे, तेव्हा माशालाही निदान कागदोपत्री आधार आहे. दगडाखालचा किडा तेवढा बिनधनी. सातबाऱ्यावर नाव नाही, वहिवाट सिद्ध करण्यास साक्षीदार नाही.

आयुष्यभर इतरांचे पाण्याचे अर्ज नाकारण्यात ज्यांची हातोटी होती त्या आमच्या स्नेह्यांनी अखेर स्वतःच एक अर्ज केला. विषय: प्रवरा नदीपात्रातील अमुक ते अमुक या चतुःसीमेतील कीटकांचे अधिवासास वाळूउपशापासून संरक्षण मिळणेबाबत. अर्जाची भाषा त्यांनी इतकी बिनतोड ठेवली होती की, तो कोणत्याही खात्यास ‘आमचे अखत्यारीत येत नाही’ असे म्हणून परत करता येऊ नये. परिणामी तो कोणीच परत केला नाही, आणि सर्व खात्यांतून सावकाश प्रदक्षिणा करून तो एका कचेरीत, जिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, स्थिरावला. पुष्कळ दिवसांनी तेथून पत्र आले. त्यात तीन शेरे होते. पहिला: अर्जदाराचा सदर कीटकाशी नेमका संबंध काय, व त्याचे वतीने अर्ज करण्याचे अधिकारपत्र आहे किंवा कसे. दुसरा: सदर कीटकाचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असल्याचे अर्जातच नमूद असल्याने, कचेरीच्या कामकाजास लागणारा अवधी पाहता, प्रकरण निकाली निघेपर्यंत लाभार्थी हयात राहील किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. तिसरा: कीटकाचा नमुना तीन प्रतींत जोडावा.

पहिल्या दोन शेऱ्यांची उत्तरे साहेबांनी आठ पाने लिहिली. तिसऱ्या शेऱ्याने मात्र त्यांची कळी अशी खुलली, की उभ्या नोकरीत कोणत्याही सरकारी पत्राने ती तशी खुलली नव्हती. कारण महाराष्ट्रात किड्याची नक्कल तीन प्रतींत, एकसारखी, आणि तीही मुदतीत सादर करू शकणारा अर्जदार त्यांच्यावाचून दुसरा मिळाला नसता. दोन रात्री जागून, वर्गातल्या सर्वांत तरबेज मुलीला मदतीस घेऊन, पैठणीवरील तपास पुन्हा उघडला जाईल हा धोका पत्करून, त्यांनी तीन माश्या बांधल्या. तिघींच्या शेपट्या तीन-तीन, पंख उभे, रंग मूळ बरहुकूम. आणि त्या कापसात ठेवून नोंदणी टपालाने रवाना केल्या.

पोच आली ती या मजकुराची: नकला तीन मिळाल्या, पडताळणीसाठी मूळ प्रत घेऊन समक्ष हजर राहावे.